कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, हे नक्की का सांगता येत नाही?

तुम्ही विचारलंय की १९७९ साली शास्त्रज्ञ ‘दीड ते साडेचार अंश’ म्हणत होते, २०१३ सालीही तेच म्हणत होते, मग मधल्या काळात केलं काय? प्रश्न रास्त आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, वर्गातही तो येतो.

नुसत्या वायूचा हिशोब सोपा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत साधारण २८० पीपीएम (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत २८० भाग) कार्बन डायऑक्साइड होता. तो ५६० झाला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर तापमान सव्वा अंशाच्या आतबाहेर वाढेल. यावर फारसा वाद नाही. पण बाकीचं बदलतंच. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, आणि बाष्प स्वतःच उष्णता धरून ठेवतं. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने ऊन अडलं आणि पृथ्वी अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झाली, तेव्हा हवेतलं बाष्पही खरोखर घटलं. गणितातून बाष्पाचा हा परिणाम वगळला तर तेवढी थंडी जुळतच नाही. मला हा पुरावा फार आवडतो.

घोडं अडतं ते ढगांपाशी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. जानेवारीत निरभ्र रात्री पारा उतरला की वडील पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे. संध्याकाळी आभाळ आलं तर गारठ्याची काळजी मिटायची (फवारणीची सुरू व्हायची). तोच ढग भर दुपारी आला तर ऊन अडवतो. म्हणजे ढग रात्री गोधडी आणि दिवसा छत्री. तापलेल्या जगात पेरू-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रावर पसरणारे खालचे ढग विरळ होतील का, यावर उत्तर बरंच अवलंबून आहे. हे थर जेमतेम काहीशे मीटर जाडीचे, आणि हवामानाच्या संगणकीय मॉडेलमध्ये पृथ्वीचे जे चौकोन पाडतात, त्यातला एकेक अनेकदा शंभर किलोमीटरचा. त्यामुळे ढग अंदाजानेच धरावे लागतात.

मोजलेल्या तापमानावरून थेट उत्तर काढता येत नाही का? पूर्णपणे नाही. धूर-धुळीचे कण थोडी तापमानवाढ झाकतात आणि साठलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात मुरते. म्हणून मागे हिमयुगाकडे जावं लागतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हा वायू १९० पीपीएमच्या आसपास होता आणि पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा ५ ते ७ अंश थंड. पण तेव्हा अर्ध्या उत्तर अमेरिकेवर पांढरं बर्फ होतं, ते ऊन परतवायचं. तो वाटा आधी वजा करायचा.

ढगांचं निरीक्षण, मोजलेली तापमानवाढ आणि प्राचीन हवामान हे तिन्ही धागे एकत्र विणल्यावर २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) अहवालात पट्टा आवळला गेला: बहुधा अडीच ते ४, मधला आकडा ३. तुम्ही म्हणता तसं काहीच हललं नाही असं नाही. वायू दुप्पट होऊनही दीडच अंश वाढेल ही आशा आता जवळजवळ संपली आहे, कारण तेवढ्यावर भागायला तिन्ही धागे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकलेले असावे लागतील. वरची बाजू अजून तितकी घट्ट झालेली नाही. ५ अंशही पूर्ण खोडता येत नाहीत, आणि मला काळजी त्या बाजूची वाटते.