वर्गात तंत्रज्ञान परिणामकारकपणे वापरायचं तर कुठली साधनं घ्यावीत?

साधनांची यादी शेवटी देतो, राहिली तर राहिली. 'परिणामकारक' शब्द वाचला आणि हात शिवशिवले, कारण माझ्या अहवालात एकदा शेरा पडलाय: 'तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर कमी.'

झालं असं. शाळेत नवा स्मार्टबोर्ड बसला आणि पाहुण्यांसमोर पाठ घ्यायचं माझ्यावर आलं. घटक विद्युत परिपथ. मी खडूने फळ्यावर एक बॅटरी आणि एकसर जोडणीतले दोन सारखे बल्ब काढले. कुठला जास्त उजळेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखे? आधी वहीत लिहा, मग हात वर. (वहीत आधीच लिहून घ्यायचं, नाहीतर निम्मी मुलं हुशार पोराचा हात बघून आपला वर करतात.) ४२ पैकी २५ जणांचा कौल पहिल्या बल्बला. वीज आधी त्याच्याकडे पोचते, तो खातो, उरलीसुरली दुसऱ्याला, असा हिशेब.

मग म्हटलं, शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा. दहा मिनिटं नुसता कालवा. पाहुणे अस्वस्थ, मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत, बोर्ड बंद. तो चालू केला तो यानंतर. फेट (PhET) या संकेतस्थळावरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पडद्यावर करायच्या प्रयोगात, तोच परिपथ जोडला. दोन्ही बल्ब सारखे! निळे इलेक्ट्रॉन बल्बच्या अलीकडे ज्या चालीने सरकत होते त्याच चालीने पलीकडे. एका मुलाचा तरीही विश्वास बसेना, त्याने मला बल्बांची अदलाबदल करायला लावली. मग बॅटरी उलटी करायला लावली. तेव्हा कुठे गडी खाली बसला. मी बोर्ड बंद केला.

"सर, एवढा बोर्ड बसवला आणि तुम्ही चार मिनिटं वापरलात?" पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले. माझ्यानंतर ज्यांचा पाठ होता त्यांनी अख्खा तास संगीतासकट अ‍ॅनिमेशन दाखवलं. त्यांचं कौतुक झालं, आणि मला शेरा.

माझं मत तेव्हाही हेच होतं: देखणं अ‍ॅनिमेशन पाहून मुलाला 'कळलं' असं वाटतं, पण आतली चुकीची समजूत जागची हलत नाही, कारण तिला कोणी हातच घातलेला नसतो. आधी त्याच्याकडून चूक लेखी घ्या, मग पडदा उघडा. हार्वर्डमध्ये एरिक मेझर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राचे तास याच धर्तीवर घेतले: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत. बरोबर उत्तरं साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश असतील तेव्हा वाद रंगतो. फार कमी असतील तर आधी शिकवा, फार जास्त असतील तर पुढे चला. मत नोंदवायला क्लिकर (बटण दाबून उत्तर पाठवायचं हातातलं यंत्र) घ्या नाहीतर पुठ्ठ्याची कार्डं, शिकण्यात फरक पडत नाही. क्लिकर मोजणी तेवढी झटपट करतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढच्या चाचणीत माझ्याच वर्गातल्या नऊ जणांनी पुन्हा 'पहिला बल्ब' लिहिलं. म्हणजे एका झकास तासाने भागत नाही. तेव्हापासून जुना एक प्रश्न दर आठवड्याला, न सांगता, वही मिटून. इथे मोबाईलवरची प्रश्नमंजूषा खरंच कामाची आहे, तपासणीचा वेळ वाचतो.

साधनं: विज्ञानाला फेट (उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं), भूमितीला जिओजेब्रा (पडद्यावर आकृत्या काढायचं आणि हलवायचं सॉफ्टवेअर). त्रिकोणाचा शिरोबिंदू मुलांच्या हाताने ओढू द्या, तुम्ही ओढून दाखवू नका. भाषेच्या तासाचं मला विचारू नका, तो माझा प्रांत नाही.

आणि हो, ज्या मुलाला नीट दिसत नाही किंवा वाचायला जड जातं, त्याला अक्षरं मोठी करणारं, मजकूर वाचून दाखवणारं साधन पूर्ण तास हवं. तिथे माझा 'कमी वापरा'चा हट्ट लावू नका. खरे बल्ब आणि तारा हाताशी असतील तर आधी तेच जोडायला द्या. आमच्याकडे त्या दिवशी निम्मे बल्ब उडालेले होते, म्हणून फेट.

मुख्याध्यापक आता निवृत्त झालेत. भेटले की अजून त्या चार मिनिटांवरून चिडवतात. चार नव्हती, साडेसहा होती. मी घड्याळ लावलं होतं.