आमच्या कोल्हापूरच्या फ्युजन बँडला जपानमध्ये गाणी रिलीज करून शो करायचेत. तिथलं म्युझिक मार्केट बाहेरच्या आर्टिस्टसाठी कसं आहे?

तुम्ही लिहिलंय की बँडमध्ये ढोलकी, सतार, गिटार, बेस आणि एक गायिका आहे, स्पॉटिफायवर टोकियोतले थोडे श्रोते दिसायला लागलेत आणि त्यावरनं तिकडं जायचं डोक्यात आलंय. मी साउंडचं काम करतो, राजारामपुरीत छोटा स्टुडिओ आहे, एका ग्रुपचा साउंडवाला म्हणून जपानला जाऊन आलोय. त्यामुळं तिथं जे बघितलं, विचारून घेतलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ते स्पॉटिफायचे आकडे बाजूला ठेवा. अमेरिकेनंतर रेकॉर्डेड म्युझिकचं जगातलं दोन नंबरचं मार्केट जपान आहे हे खरं, पण आपल्याकडं कुणाला सीडी दिली तर तो विचारतो ही लावू कशात, आणि तिथं अजून रेकॉर्ड कंपन्यांचा निम्म्याहून जास्त पैसा सीडी, ब्लू-रे असल्या हातात धरायच्या मालातनं येतो. स्पॉटिफाय तिथं आलंच २०१६ ला. टॉवर रेकॉर्ड्स या सीडीच्या दुकानांच्या साखळीची अमेरिकेतली कंपनी २००६ ला बुडाली, पण जपानमधली त्याआधीच वेगळी झालेली, ती टिकली आणि टोकियोच्या शिबुया भागातलं तिचं अख्ख्या बिल्डिंगभर पसरलेलं दुकान आजपण चालू आहे, तिथं पोरं शाळेच्या युनिफॉर्ममध्ये सीडी घेताना बघून मी गारच पडलो.

यामागं एक गंमत आहे. नवीन अल्बम साधारण ३००० येनला असतो, म्हणजे आपले सतराशे-अठराशे रुपये, आणि तिथल्या कायद्यानं सीडीची किंमत कंपनीनं ठरवली की दुकानदाराला पाडून विकता येत नाही. बाहेरनं इम्पोर्ट केलेली सीडी मात्र या नियमात बसत नाही, ती स्वस्त पडते. मग परदेशी बँडची जपानमध्ये छापलेली महाग सीडी कोण घेणार? म्हणून लेबलवाले, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, जपानच्या एडिशनमध्ये एक-दोन जास्तीची गाणी घालतात, वर गाण्याच्या ओळी आणि त्यांचं जपानी भाषांतर छापलेलं पुस्तक आत ठेवतात. हे तुम्ही आत्ताच करून ठेवा भावांनो, एक गाणं फक्त जपानसाठी राखून ठेवायचं, ते यूट्यूबला टाकायचं नाही म्हणजे नाही.

आता वाईट बातमी. तिथं ऐकलं जातं ते बहुतेक जपानीच, बाहेरच्यांचा वाटा लहान, आणि नवीन गाणं गाजतं ते बऱ्याचदा अ‍ॅनिमेचं (जपानी कार्टून मालिकांचं), टीव्ही सिरीयलचं किंवा जाहिरातीचं गाणं म्हणून. ते दार तुम्हाला इथनं बसून उघडणार नाही, त्यात वेळ घालवू नका. पण एकदा माणूस तुमचा झाला की झाला, तो शोला येणार, सीडी घेणार, टी-शर्ट घेणार, पुढच्या वेळी सही घ्यायला तीच सीडी घेऊन येणार. चीप ट्रिक नावाच्या अमेरिकन बँडला आपल्या घरात मोठं यश मिळायच्या आधी जपाननं डोक्यावर घेतलं होतं, १९७८ ला टोकियोच्या बुडोकान हॉलमध्ये पोरींच्या किंकाळ्यांत त्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग झालं, ते आधी जपानसाठीच काढलेलं आणि नंतर त्यावरच ते अमेरिकेत गाजले.

सुरुवात कुठं करायची तर लाइव्ह हाउसमध्ये. छोटे हॉल असतात, बरेचसे तळघरात, ड्रम किट, अ‍ॅम्प सगळं तिथलंच, साउंड तर असा की आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या ऑडिटोरियमला मिळत नाही. पण तिथं एक सिस्टीम आहे, नोरुमा म्हणतात. समजा २००० येनची २० तिकिटं तुमच्या नावावर टाकली, जेवढी खपली नाहीत तेवढ्याचे पैसे बँडनं खिशातनं भरायचे. लोकल बँड हे वर्षानुवर्षं भरतात. बाहेरनं आलोय म्हणून सूट मागता येते, मेलमध्येच स्पष्ट विचारून घ्या, त्यात कुणाला राग येत नाही. एका रात्री चार-पाच बँड असतात, तुम्हाला अर्धा तास मिळतो आणि अर्धा म्हणजे अर्धाच. आपल्यासारखं ‘आणि एक, आणि एक’ करत बसलात तर पुढच्या वेळी बोलवणार नाहीत. लोकांना शेवटची ट्रेन गाठायची असते त्यामुळं शो लवकर सुरू होऊन लवकर संपतो. आणि गाणं चालू असताना पब्लिक शांत उभं असतं, टाळी संपल्यावर परत चिडीचूप, त्याला घाबरू नका, आमची गायिका पहिल्या दिवशी रडवेली झालती की आवडलंच नाही म्हणून, आणि नंतर सीडीच्या टेबलापुढं ही लाइन! पैसा त्या टेबलावरच आहे, त्यामुळं शो संपला की ग्रीन रूममध्ये जायचं नाही, टेबलामागं उभं राहायचं.

कागदपत्रं. टुरिस्ट व्हिसावर पैसे घेऊन वाजवता येत नाही, कुणी काहीही सांगू दे. एंटरटेनर व्हिसा लागतो, त्यासाठी आधी जपानच्या इमिग्रेशनकडनं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढावं लागतं आणि ते तिथं बोलावणारा प्रमोटर नाहीतर संस्था काढते, तुम्ही कोल्हापुरात बसून नाही. याला महिने लागतात. म्हणजे सगळ्यात आधी शोधायचाय तो तिथला यजमान, हॉल आणि तिकिटं नंतर. मानधनातनं तिथं २०.४२ टक्के टॅक्स कापतात, त्याचा कागद मागून घ्या, इथं सीएला दिला की इथल्या टॅक्समध्ये त्याचं क्रेडिट मिळू शकतं. वाद्यांसाठी एटीए कार्नेट हा माल तात्पुरता बाहेर नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद काढा, आपल्याकडं फिक्की ही उद्योजकांची संघटना देते, म्हणजे कस्टममध्ये नेताना-आणताना ड्युटीची कटकट होत नाही. सतार मिरजेची असेल तर तारा टेकतात ती घोडी कशाची आहे ते कारागिराला विचारा. जुन्या वाद्यांत सांबरशिंग, हस्तिदंत असतं आणि ते घेऊन विमानतळावर गेलात तर सतार तर जाईलच, तुम्हीपण अडकाल. आणि गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसला, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आपल्याकडच्या संस्थेला, नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करा, तिथं जासराक ही तशीच संस्था आहे, १९३९ पासनंची, तिथनं रॉयल्टी यायची तर ती असल्या संस्थांमधूनच फिरत येते.

यजमान कुठं मिळेल? सगळे म्हणतात मराठी मंडळाला धरा, टोकियोच्या निशी-कासाई भागात आपली माणसं भरपूर आहेत. धरा, जेवण आणि झोपायची सोय होईल, माणसं जीव लावतात. टोकियोच्या योयोगी पार्कात नमस्ते इंडिया हा भारतीय मेळा भरतो तिथंपण अर्ज करा. पण माझं मत विचाराल तर नुसतं त्याच्यावर थांबलात तर तिथं आपल्याच लोकांपुढं वाजवून परत याल. जपानमध्ये सतार-तबला शिकलेले जपानी वादक बरेच आहेत, बनारस-कोलकात्याला वर्षं काढून आलेले, त्यांचे स्वतःचे शिष्य आणि छोटे कार्यक्रम आहेत. त्यांच्यातल्या एकाबरोबर मिळून शो करा, हॉल त्याच्या ओळखीचा, पब्लिक त्याचं, मेलपण तोच लिहील. फुजी रॉकसारखे मोठे म्युझिक फेस्टिव्हल वगैरे आत्ता डोक्यातनं काढा.

राहिलं जपानीत गायचं का ते. नको. मराठीतच गा, लावणीच्या ठेक्यावर त्यांच्या माना आपोआप हलतात. फक्त दोन गाण्यांच्या मध्ये बोलायची चार वाक्यं पाठ करून जा आणि बँडचं नाव काताकानात (परदेशी शब्दांसाठी वापरतात त्या जपानी लिपीत) कसं लिहायचं ते एकदाच ठरवून सगळीकडं तसंच ठेवा, नाहीतर सर्चमध्ये तुमचेच तीन बँड दिसतील.