माळवदाचे घर, शंभरचा प्लॅन आणि ग्राहक आयोग

प्रश्न : औसा तालुक्यातील एका गावात आमचा जुना माळवदाचा वाडा आहे; भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात जाडीच्या. मुलगी घरी राहून ‘नीट’ची तयारी करते आणि तिचे तास ऑनलाइन असतात. गावातील केबलचालकाने एका कंपनीच्या फायबरचा १०० एमबीपीएसचा वर्षाचा प्लॅन देऊन ९,६०० रुपये एकरकमी घेतले व साध्या कागदावर चिठ्ठी दिली. त्याआधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घरभर फुल वायफाय’ असे लिहून पाठवले होते. बॉक्स ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) बसवला आहे. आतल्या खोलीत वेग १५च्या वर जात नाही. सप्टेंबरातील अतिवृष्टीत लाइन अकरा दिवस बंद होती. पैसे परत मागितले तर ‘भिंतींना आम्ही काय करणार, भरलेले पैसे परत मिळत नसतात’ असे उत्तर मिळते. शेजारचा चुलतभाऊ आमचेच वायफाय वापरून निम्मे पैसे द्यायला तयार आहे. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या प्रकरणाचा निकाल वेग किती कमी आहे यावर ठरणार नाही, तो नेमका कोठे कमी होतो यावर ठरेल. फायबरची तार ढाळजेतल्या बॉक्सपर्यंत येते आणि तेथून पुढे आपल्या भिंती सुरू होतात. दगडमातीच्या जाड भिंतीतून वायफायची लहर क्षीण होते, त्यातही ५ गिगाहर्ट्झची अधिकच. त्यामुळे आतल्या खोलीत मोबाइलवर काढलेला १५चा आकडा आयोगापुढे ठेवलात, तर सामनेवाल्यांचा वकील पहिल्याच तारखेला भिंतीकडे बोट दाखवील, आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे खोटे नसेल.

म्हणून आधी मोजमाप करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट बॉक्सला जोडा, घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवा आणि सात दिवस रोज सकाळी, दुपारी व रात्री नऊच्या सुमारास वेग तपासून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. केबलवर ९३-९४ आले तर ते शंभरच समजावे, कारण शंभरच्या पोर्टवर प्रत्यक्षात तेवढेच मिळते. डाउनलोड होताना दिसणारा ‘१२ एमबी’ हा आकडाही फसवा असतो. एमबीपीएसमध्ये बिट मोजतात, ‘एमबी’मध्ये बाइट; आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. बॉक्सपाशी सकाळी नव्वदच्या वर आणि रात्री वीसच्या आत असे चित्र दिसले, तर एकाच लाइनवर झेपेल त्याहून जास्त जोडण्या दिल्या असण्याचा दाट संभव आहे, आणि ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(११)मधील ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. कंपनी कदाचित म्हणेल की २०२३पासून ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएसच आहे. ती मर्यादा कोणत्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे हे सांगते. शंभरचे पैसे घेऊन वीस द्यावेत अशी मुभा ती देत नाही.

बॉक्सपाशी तिन्ही वेळा पूर्ण वेग आला, तर एरवी मी आपल्याला दुसरा राउटर घ्या आणि प्रकरण मिटवा असेच सांगितले असते. परंतु आपल्याकडे तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे. वाडा डोळ्यांनी पाहून ‘घरभर’ हा शब्द ज्याने लिहून दिला, त्याने भिंतींसह हमी दिली आहे, असे मांडायला येथे चांगली जागा आहे. तो संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. त्याची छापील प्रत जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्रही द्या. आयोगात पुराव्याचे नियम न्यायालयाइतके कडक नसले, तरी हरकतीला जागा ठेवू नये.

अकरा दिवसांचा प्रश्न मात्र सरळ आहे. अतिवृष्टीत तार तुटली यासाठी मी कोणालाही दोष देणार नाही. त्या दिवसांत मराठवाड्यात काय वाहून गेले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे ठेवून घेणे हा त्यानंतरचा प्रश्न आहे. त्या दिवसांची वजावट किंवा मुदतवाढ लेखी मागा.

मागणी केबलचालकाच्या दुकानात जाऊन तोंडी करू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) लिहून ठेवा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण; त्याच्या २०१२च्या विनियमांनुसार तेथे दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवण्यात वेळ दवडू नका. आयोगात जाण्यासाठी ही पायरी सक्तीची नाही. तरीही डॉकेट क्रमांक असलेला तक्रारदार आणि नुसता चिडलेला तक्रारदार यांत फार फरक पडतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करावी.

तरीही उत्तर आले नाही, तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तक्रारदार जेथे राहतो तेथे ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन देता येतो आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. चिठ्ठी केबलचालकाची असली तरी कंपनी आणि चालक या दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांवर ढकलता येणार नाही. रीतसर पावती न देणे ही कलम २(४७)नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही लिहा. दूरसंचाराचे वाद आयोगात चालत नाहीत अशी जुनी हरकत अजूनही घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ती फेटाळली आहे. ‘पैसे परत नाहीत’ या अटीवर मात्र ‘अनुचित करार’ म्हणून हल्ला करू नका, कारण तो विषय राज्य आयोगाचा आहे. तीच गोष्ट सेवेतील त्रुटी म्हणून मांडा.

मागणी बेताची ठेवा : उरलेल्या मुदतीचे पैसे, बंद दिवसांची रक्कम, त्रासाची वाजवी भरपाई आणि खर्च. मुलीच्या गुणांचे नुकसान आकड्यात मागू नका; ते सिद्ध होणार नाही आणि खऱ्या मागणीचे वजन मात्र घटेल. तिचे तास निकालासाठी थांबणार नाहीत, म्हणून आजच माळवदाच्या झरोक्यातून लॅन केबल आत घेऊन तिच्या खोलीत दुसरा राउटर बसवा. त्याचे बिल जपून ठेवा, ‘घरभर’च्या हमीखाली तेही मागता येईल.

चुलतभावाला पैसे घेऊन वायफाय देऊ नका. जोडणीच्या अटींत पुनर्विक्रीला बहुधा मनाई असते, आणि त्याच्या फोनवरून काही गैर घडले तर पोलीस प्रथम आपल्या दारात येतील.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. तोपर्यंत बॉक्स परत मागायला कोणी आले, तर त्यावरील क्रमांक लिहिलेली आणि सहीची पोच घेतल्याशिवाय तो हातचा सोडू नका.