तिवरं तोडून कोळंबी की तिवरांतच खेकडे?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातल्या, खाडीकाठच्या. सासऱ्यांच्या नावावर खाजण (बांध घालून भरतीपासून राखलेली खारी जमीन) आहे, बांध फुटल्यापासून भातशेती बंद आणि आता सगळीकडे तिवरं माजलीयत. दीर म्हणतात जमीन आपलीच, जेसीबी लावून साफ करू नि कोळंबीचं तळं काढू. आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात झाडं राहू देत, खेकडे नाहीतर जिताडा मासा करूया. काय करावं? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, दिरांना आधी सांगा, जेसीबीवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका. सातबारा तुमचा असला तरी कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, तोडता येत नाही, मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय की मालकी कोणाचीही असो तोड बंद, आणि भोवतीच्या ५० मीटरात बांधकामही नाही. बरं कायदा सोडा, तिवराखालचा तो काळा, वास मारणारा चिखल असतो ना त्यात गंधक असतं, उकरून त्याला हवा लागली की अ‍ॅसिड तयार होतं आणि पहिल्या पावसात ते धुपून तळ्यात उतरतं, मग बसा चुना ओतत.

गटाचं म्हणणं मला पटतं. वन खात्याच्या कांदळवन कक्षाची २०१७ पासून योजना आहे, खेकडे, पिंजऱ्यातला जिताडा, कालवं, शिणाणे (दोन्ही शिंपल्यातले जीव) असं सगळं त्यात येतं, गटाला ९० टक्के अनुदान, १० टक्के तुमचे. पण अर्ज गावच्या कांदळवन समितीमार्फत जातो, त्यामुळे समिती नसेल तर आधी ती करा.

जिताड्याला भाव आहे पण पिंजऱ्याला ओहोटीलाही भरपूर पाणी लागतं, पावसात पुराचं गोडं पाणी आणि ओंडके येतात, शिवाय मोठा जिताडा लहान्याला सरळ गिळतो म्हणून सारखी निवड करून साइजप्रमाणे वेगळे ठेवावे लागतात. खाद्याला रोज मासळी लागणार ती वेगळीच. म्हणून सुरुवात खेकड्यांनी करा असं माझं मत (जिताडा माझा आवडता, तरीही!).

झाडं न तोडता मधल्या मोकळ्या जागेला जाळ्याचं कुंपण घालायचं, भरती-ओहोटी पाणी आपोआप बदलते. खरी गोची कात टाकताना होते, तेव्हा कुर्ली (खेकडा) मऊ पडते आणि बाकीच्या तिलाच खातात, त्यामुळे आत पाइपचे तुकडे, फुटकी मडकी टाका लपायला, आणि दाटी करू नका. मऊ, पोकळ कुर्ल्या घेऊन तीन-चार आठवडे खाऊ घालून भरलेल्या विकणं हा त्यातल्या त्यात लवकर पैसा फिरवणारा प्रकार.

बीज मात्र खाडीतली बारकी पिल्लं गोळा करून आणू नका, तसं केलंत तर झाडं वाचवून खाडी रिकामी केल्यासारखं होईल. हॅचरीचं (अंड्यांतून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राचं) बीज तामिळनाडूतून येतं, ते कधी आणि किती मिळणार हे कक्षाच्या माणसाला विचारून मगच जाळं विकत घ्या.