काचबिंदू असताना पेपर कसा वाचावा?

प्रश्न : माझे सासरे, आमचे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय ७४. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. थेंब वेळच्या वेळी घालतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नंबरही बरोबर आहे असं डॉक्टर सांगतात. तरी पेपर वाचताना ओळ चुकते, तीच तीच वाचली जाते, मग चिडून पेपर टाकून देतात. मोठं भिंग आणलं, तर म्हणाले, याच्यापेक्षा आधीचं बरं होतं. वाचल्यानं आजार वाढतो, वाचूच नका, असं नातेवाईक सांगतात. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : नातेवाइकांचं ते बोलणं आधी सोडून द्या. वाचल्यानं काचबिंदू वाढत नाही. डोळे थकले तर घटकाभर मिटून बसावं आणि पुन्हा वाचावं. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माणसाचा पेपर बंद करणं मला अजिबात पटत नाही.

भिंग नको म्हणण्यात अण्णांचा हट्ट नाही. लो व्हिजनच्या, म्हणजे चष्म्यानं किंवा ऑपरेशननंही पुरती भरून न येणाऱ्या कमी नजरेच्या, कामात हे मला वरचेवर ऐकायला मिळतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते आणि नजरेच्या टप्प्यातले काही भाग गळतात. समोरचं अक्षर स्वच्छ दिसतं, म्हणून दवाखान्यातला तक्ता ते वाचून दाखवतात. पण एक ओळ संपली की पुढच्या ओळीचं डावं टोक सापडत नाही. भिंगानं अक्षर मोठं होतं, पण एका वेळी दिसणारे शब्द आणखी कमी होतात. त्यात पेपरचा कागद करडा, शाई पुसट. अनुस्वार, रफार, उकार तर पहिल्यांदा दिसेनासे होतात.

म्हणून आधी उजेड बघा. छतावरची ट्यूब पुरत नाही. मान वळवता येणारा टेबल लॅम्प घ्या, तो खांद्याच्या बाजूनं कागदावर पडू दे आणि दिवा डोळ्यांना थेट दिसू देऊ नका. लॅम्प निम्म्या अंतरावर आणला की कागदावर साधारण चौपट उजेड पडतो, त्यामुळे महागड्या बल्बपेक्षा लॅम्प जवळ ओढणं जास्त कामाला येतं. खिडकीकडे तोंड करून मात्र बसू नये.

मग ओळीची सोय. स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डशीट आणा, चकचकीत नको, त्यावरून उजेड डोळ्यांवर येतो. पेपरच्या रकान्यापेक्षा जरा रुंद आणि दोन ओळी मावतील एवढी उंच, अशी खिडकी ब्लेडनं कापा. खिडकीच्या डाव्या कडेला लाल किंवा पिवळ्या टेपची उभी पट्टी चिकटवा. ओळ संपली की अण्णांनी नजर आधी त्या पट्टीपर्यंत न्यायची, मग वाचायला लागायचं. कार्ड हळूहळू खाली सरकवायचं. सुरुवातीला वेग कमी पडेल. आठवडाभर तरी सोडू देऊ नका. आजूबाजूचा कागद झाकला गेल्यानं चमकही कमी होते, हा वेगळा फायदा.

फोन असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन रंग उलटे करा, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं येतात. काहींना ती फार मानवतात, काहींना नाही. अक्षर गरजेपुरतंच वाढवा आणि फोन उभाच धरा, ओळी आखूड राहतात. अ‍ॅन्ड्रॉइडवर ‘सिलेक्ट टू स्पीक’ मराठी मजकूर वाचूनही दाखवतं. संध्याकाळी डोळे दमल्यावर अग्रलेख ऐकण्यात काही कमीपणा नाही. नजर बरीच गेली असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ बघा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे.

थेंब घातल्यावर काही वेळ धूसर दिसत असेल किंवा डोळे कोरडे पडत असतील तर डॉक्टरांना सांगा. थेंब बदलता येतात. आपल्या मनानं बंद मात्र करू नका. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली त्या थेंबांवर टिकते. पुढच्या तपासणीला ‘लो व्हिजनसाठी कुठं जावं’ असं स्पष्ट विचारा. बऱ्याचदा विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि तुमच्या यजमानांचं काय? काचबिंदू घराण्यात चालतो, सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही. चाळिशी उलटली असेल तर त्यांच्या आणि त्यांच्या भावंडांच्या डोळ्यांचं प्रेशर आणि मागची नस याच महिन्यात तपासून घ्या.