वाचकांचे प्रश्न : दुधाशिवाय चॉकलेट पुडिंग

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातवाला दुधाची अ‍ॅलर्जी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याच्यासाठी मी नारळाच्या दुधाची साय फेटून चॉकलेट मूस केले. फ्रीजमधून काढले तेव्हा ते छान फुललेले होते, पण पानावर येईपर्यंत सैल पडले. माझे काय चुकले? सून म्हणते की डार्क चॉकलेटमध्ये दूध नसतेच. नारळाच्या दुधाऐवजी लॅक्टोज-फ्री दूध वापरले तर चालेल का?
– एक आजी, गिरगाव

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तिथे चूक झाली तर नुसते पुडिंग बिघडण्यावर भागणार नाही. लॅक्टोज ही दुधातील साखर आहे आणि ती ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी लॅक्टोज-फ्री दूध असते. अ‍ॅलर्जी मात्र केसीन आणि व्हे या प्रथिनांची असते आणि ती या दुधात तशीच राहतात. म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधातील प्रथिनेही गाईच्या दुधाशी मिळतीजुळती असल्यामुळे तेही नको. साजूक तुपातसुद्धा या प्रथिनांचा अंश उरू शकतो, म्हणून वाट्यांना तुपाचा हात लावू नये.

सूनबाईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. अनेक डार्क चॉकलेटांत मिल्क सॉलिड्स किंवा बटर ऑइल असते, आणि नसले तरी तोच कारखाना दुधाचे चॉकलेटही करत असेल तर त्याचा अंश येऊ शकतो. त्यामुळे घटकांची यादी आणि त्याखालची अ‍ॅलर्जीची सूचना दोन्ही वाचावी, आणि ‘मे कंटेन मिल्क’ असे छापलेले चॉकलेट डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. क्रॉफर्ड मार्केटात सुटे चॉकलेट स्वस्त मिळते हे खरे, पण ज्या पिशवीवर काहीच छापलेले नाही ती या कामाची नाही.

आता तुमच्या मूसविषयी. चूक हाताची नाही, हवेची आहे. नारळाची चरबी सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळते, आणि मुंबईच्या स्वयंपाकघरात तेवढा गारवा थंडीतल्या एखाद्या पहाटेच लाभतो. चरबी वितळली की फेटून भरलेली हवा निसटते. म्हणून फेटण्याचा नाद सोडून दाटपणा कॉर्नफ्लोअरवर सोपवावा, कारण शिजलेला स्टार्च खोलीच्या उष्णतेने वितळत नाही.

नारळाचे घट्ट दूध 400 मिलिलिटर घ्यावे. घरी काढणार असाल तर अगदी थोड्या कोमट पाण्यात पिळलेले पहिले दूधच घ्यावे, दुसरे आमटीला ठेवावे. त्यातील पाव कप गार दुधात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालवावे. उरलेल्या दुधात दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून ते मंद आचेवर तापवावे, त्यात हे मिश्रण ओतावे आणि बुडबुडे येऊन कच्चा वास जाईपर्यंत सतत ढवळावे. आच मोठी केली तर तळाला लागते. पातेले उतरवून 120 ग्रॅम बारीक चिरलेले चॉकलेट घालावे, दोन मिनिटे झाकून मग एकजीव करावे. वाट्यांत ओतल्यावर पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर ठेवला तर वर जाड साय धरत नाही. फ्रीजमध्ये चार तास पुरतात, पण मी आदल्या रात्रीच करते. नारळाचे दूध लवकर आंबते, तेव्हा दुसऱ्या दिवशी हे संपवावे.