1951 ची शेवरोले पिकअप, लांब सीट ड्रायव्हरच्या बाजूनं खाली दबून बसली आहे: बोलेरोच्या सीटा टाकू की जुनीच बनवून घेऊ? नागपुरात होईल का?

होईल भाऊ, नागपुरातच होईल. आणि फ्रेम गंजून पार गेली नसेल तर जुनीच बनवून घ्या, बोलेरोच्या सीटांच्या नादी लागू नका. त्या सीटांची उंची वेगळी, बोल्टची भोकं वेगळी, म्हणजे सत्तर वर्षं जुन्या फ्लोअरच्या पत्र्याला नवी भोकं पाडणं आलं, आणि ज्या गाडीत तिघं आरामात बसतात तिच्यात दोघंच बसणार. आमच्या घरी बाबांची याच पिढीची पिकअप आहे, तिची सीट मी इथंच बनवून घेतली म्हणून सांगून राहिलो.

सीट काढायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, तुमच्या मॉडेलची पेट्रोलची टाकी केबिनच्या आतच असते, सीटच्या पाठीला लागून. बोल्ट जाम झालेले राहतात आणि आपला मिस्त्री पहिले ग्राइंडर नाहीतर गॅस कटर उचलतो, तर बाप्पा त्याला तिथंच थांबवा, केबिनमध्ये एक ठिणगीसुद्धा नको. बॅटरीचा टर्मिनल काढा, रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पाना लावा, आणि पाना इंची घ्या, मिलिमीटरचा लावला तर बोल्टचं डोकं गोल होते मग काढत बसा. या गाड्या जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला जोडायची, 1954 पर्यंत, पण माप सगळं अमेरिकन. सीट बाहेर आली की टाकीच्या नळीचं रबर पाहून घ्या, तडे गेले असतील तर तेव्हाच बदला, नंतर परत सीट काढायचा कंटाळा येतो.

आता खरा मुद्दा. सीट दबून बसते ती कव्हरमुळे नाही ना फोममुळे, खालच्या स्प्रिंगमुळे. ड्रायव्हरच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, एखादी तुटते, त्यांना बांधणारी तार सुटते, आणि बहुतेक दुकानदार काय करतात तर वरून जाड फोम ठोकून देतात, पहिला महिना मस्त वाटते मग पुन्हा खड्डा. कव्हर उतरवल्यावर फ्रेम उघडी करून स्वतः पाहा. फ्रेमला चीर असेल तर हिंगणा एमआयडीसीकडे फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या, वेल्डिंग करा, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) मारा. गेलेल्या स्प्रिंगच्या जागी तेवढ्याच जाडीच्या तारेची आणि तेवढ्याच उंचीची स्प्रिंग हवी, जास्त कडक टाकली तर त्याच जागी टेकाड होते. सोफ्याचं जुनं काम करणारे कारागीर हे ऑटोवाल्यांपेक्षा चांगलं जाणतात असं माझं तरी मत आहे.

स्प्रिंगवर डायरेक्ट फोम टाकू देऊ नका, तार फोमला खालून कापत राहते. पहिले गोणपाट ताणून बांधायचं, त्यावर काथ्याचा नाहीतर नमद्याचा (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा) थर, मग फोम. बसायला 40 डेन्सिटीचा, पाठीला थोडा नरम चालते. जाडी दोन इंचाच्या आसपास ठेवा, कारागीर चार इंच म्हणेल, त्याचं ऐकू नका, कारण या गाडीचं स्टेअरिंग केवढं मोठं आहे पाहा, सीट उंच झाली की मांड्या त्यात अडकतात, क्लच दाबताना गुडघा खाली लागते आणि समोरचा काच आधीच ठेंगणा.

जुनं कव्हर फाडून फेकू नका बरं, फाटकं असलं तरी तोच तुमचा नमुना. शिवण ब्लेडनं उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर आणि मधली खूण करा, त्यावरून नवं कापायचं. कडेच्या आत जी बारीक सळई निघते ती पण सांभाळून ठेवा, कव्हर तिच्यातूनच कड्यांनी फ्रेमला ओढलं जाते, ती नसली तर सुरकुत्या पडतात. अमेरिकेत या मॉडेलची तयार कव्हरं, फोम, अख्खी सीटसुद्धा मिळते, पण फोमचं एवढं मोठं खोकं मागवायचं म्हणजे भाडं आणि ड्यूटीच भारी पडते, कव्हर एकटं मागवलं तर एकवेळ समजू शकतो.

रंग काळा नका घेऊ. जुन्या गाडीला काळं रेक्झिन शोभते हे खरं, पण मे महिन्यात 45 च्या वर पारा गेल्यावर बिना एसीच्या केबिनमध्ये त्यावर बसून दाखवा. मी मधे जाड कापड आणि कडेला फिकट तपकिरी रेक्झिन केलं, घाम चिकटत नाही. दोरा कॉटनचा नको, उन्हानं कुजते, पॉलिस्टर किंवा नायलॉनचा सांगा. रेक्झिन स्वतः पसंत करायला इतवारी-गांधीबागच्या बाजारात फिरा, मागचं कापड हातानं ताणून पाहा, लगेच फाकत असेल तर सोडा. काम शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये काढा, कव्हर चढवायच्या आधी अर्धा तास उन्हात टाकलं की रेक्झिन मऊ पडते अन् ताणून बसते.

बेल्ट लावायचे असतील तर सीट बाहेर आहे तेव्हाच. सीटच्या फ्रेमला नाही, फ्लोअरला, आणि खालून जाड पत्र्याची पट्टी देऊन, नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर झटक्यात उपटून येईल.

पैशाचं म्हणाल तर मजुरी आणि सामान वेगवेगळं ठरवा, फोम नि रेक्झिन स्वतः आणून द्या. आणि शेवटचे टाके मारायच्या आधी सीट एकदा गाडीत ठेवून, ज्याला गाडी चालवायची आहे त्यालाच बसवून पाहा.